शस्त्रक्रिया मोजायच्या की मांजरं?

आमच्या हॉस्टेलच्या मेसबाहेर गेली दोन वर्षं एक पोस्टर चिकटवलेलं आहे. वर एक मांजरी आणि एक बोका, खाली बाणच बाण, आणि तळाशी लाल अक्षरांत: 'एक जोडी, सात वर्षं, ४,२०,००० मांजरं!' कॅम्पसवरच्या भटक्या मांजरांचं निर्बीजीकरण करणाऱ्या आमच्या विद्यार्थी-गटाचं हे पोस्टर. मीही त्या गटात आहे. पिंजरा लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सायकल स्टँडमागे बसलेय, आणि सुक्या बोंबलाचा वास अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी लॅबमध्येही गेलेय. त्यामुळे आज जे लिहिणार आहे ती बाहेरच्या माणसाने केलेली टीका नाही, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं की, आमच्या गटाला मिळालेले पैसे या सत्राबरोबर संपतायत. प्रशासनापुढे आता दोन पर्याय आहेत: आणखी दोन वर्षं निधी द्यायचा, नाहीतर मांजरं 'उचलून लांब कुठेतरी सोडून द्यायची'. अर्जाचा मसुदा गटातल्या एका ज्युनिअरने तयार केला आणि मला म्हणाली, "ताई, वैज्ञानिक आधाराचा एक परिच्छेद तू टाक ना. तो फ्लोरिडाचा पेपर आहे ना, ६६ टक्केवाला? तो टाकला की झालं."

तो पेपर मीही दोन वर्षं सगळीकडे सांगत आलेय. पण खरं सांगू? मी फक्त त्याचा सारांश वाचला होता. या वेळी बसून पूर्ण वाचला. मग त्याच्या आजूबाजूचे चार-पाच वाचले. आणि तो परिच्छेद मला जसा हवा होता तसा लिहिता येईना.

६६ टक्के आले कुठून?

पेपर २००३ सालचा आहे. ज्युली लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तो छापला. जागा: ऑरलँडोमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचा कॅम्पस. १९९१ पासून तिथे मांजरं पकडून, निर्बीज करून परत सोडली जात होती. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएनआर म्हणतात. म्हणजे पकडा, निर्बीज करा, परत सोडा. १९९६ मध्ये कॅम्पसवर ६८ मांजरं मोजली गेली, २००२ मध्ये उरली २३. घट ६६ टक्के. १९९५ नंतर कॅम्पसवर एकही पिल्लू जन्मलं नाही. वाचून वाटतं, झालं की! आणखी काय पाहिजे?

आता त्याच पेपरातला दुसरा हिशेब बघा. अकरा वर्षांत एकूण १५५ मांजरांची नोंद झाली. त्यांचं काय झालं?

७३ लोकांनी दत्तक घेतली.
२३ दिसेनाशी झाली.
१७ ना दयामरण दिलं गेलं.
१० मेली.
९ शेजारच्या रानात गेली.
२३ कॅम्पसवर उरली.

बेरीज करून बघा, बरोबर १५५ येते. असा काटेकोर हिशेब ठेवणं अजिबात सोपं नसतं. आम्हाला तो दोन वर्षांत जमलेला नाही. त्याबद्दल या लोकांना दाद द्यायलाच हवी.

पण कॅम्पसवरून जी १३२ मांजरं कमी झाली, त्यांतली ७३, म्हणजे निम्म्याहून जास्त, कुणाच्या तरी घरात गेली. म्हणजे घटीमागचं सगळ्यात मोठं कारण कात्री नव्हती, घर होतं. शस्त्रक्रियेने नवी पिल्लं थांबवली, हे नक्की. पण शस्त्रक्रिया करून परत सोडलेलं मांजर कमी होत नसतं. ते तिथेच राहतं, आणि बऱ्यापैकी जगतं. उरलेल्या २३ पैकी ८३ टक्के मांजरं सहा वर्षांहून जास्त काळ तिथे होती!

आणि गंमत म्हणजे लेखकांनी यातलं काहीच लपवलेलं नाही. पेपरच्या शीर्षकातच 'आणि दत्तक' असे शब्द आहेत. निष्कर्षातही आहेत. ते गाळले आपण. पोस्टर बनवणाऱ्यांनी, अर्ज लिहिणाऱ्यांनी, माझ्यासारख्या सारांश वाचून पुढे पाठवणाऱ्यांनी. पेपर म्हणतो 'निर्बीजीकरण आणि दत्तक', आणि आपण ऐकतो 'निर्बीजीकरण'.

माझ्या दोन तक्रारी

आता पेपरवरच्या तक्रारींकडे येते. पहिली: कार्यक्रम सुरू झाला १९९१ ला, आणि ६८ हा आकडा १९९६ चा. सुरुवातीला नेमकी किती मांजरं होती त्याची पूर्ण मोजणी नाही. म्हणजे ६६ टक्के ही कार्यक्रमाच्या उत्तरार्धातली घट आहे. पहिल्या पाच वर्षांत आकडा वर गेला की खाली, ते या टक्केवारीत दिसत नाही.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे: तुलना कुणाशी? शेजारी असाच एक कॅम्पस असता, जिथे काहीच केलं नव्हतं, तर तिथे मांजरं वाढली असती की तिथेही कमी झाली असती? एकाच जागेचा अभ्यास या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. हा काही लेखकांचा दोष म्हणता येणार नाही, त्यांनी त्याला निरीक्षणात्मक अभ्यासच म्हटलंय. पण 'एका कॅम्पसवर असं झालं' आणि 'असं केलं की असं होतं' या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे, आणि ते आपण उडी मारून पार करतो.

याच कॅम्पसचा पुढचा भाग २०१९ मध्ये आला. तोपर्यंत मांजरं उरली होती १०. म्हणजे १९९६ पासून ८५ टक्के घट. छानच आहे. पण एकूण नोंदलेल्या मांजरांचा आकडा १५५ वरून २०४ झाला होता. पिल्लं जन्मत नसतानाही आणखी ४९ मांजरं आली. कुणी सोडून गेलं, काही चालत आली. ती दिसली की लगेच पकडणारं, त्यांच्यासाठी घर शोधणारं कुणीतरी तिथे अठ्ठावीस वर्षं होतं, म्हणून आकडा दहावर आला. आमच्या गटात दर मे महिन्यात निम्मे लोक पास होऊन निघून जातात!

दार उघडं असलं की

इथे जरा माझ्या विषयाकडे वळते. माझी पीएचडी डासांवर आहे, आणि कीटकांच्या अभ्यासात ही गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. गुराढोरांच्या जिवंत मांसावर जिच्या अळ्या वाढतात अशी स्क्रूवर्म नावाची माशी असते. तिच्या नरांना प्रयोगशाळेत निर्बीज करून सोडलं तर माद्यांची अंडी फुकट जातील, अशी कल्पना १९३० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. पहिली मोठी चाचणी फ्लोरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावर झाली. माश्या खूप कमी झाल्या, पण संपेनात. कारण मुख्य जमीन अगदी जवळ, आणि तिथून नव्या माश्या येतच राहिल्या. मग १९५४ मध्ये हाच प्रयोग किनाऱ्यापासून बराच लांब असलेल्या क्युरासाओ बेटावर केला, आणि तिथे माशी नामशेष झाली. पद्धत तीच, फक्त बेट लांबचं निवडलं.

मांजर म्हणजे माशी नाही, कबूल. पण बाहेरून येणाऱ्यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागतो. रोममध्ये १९९१ ते २००० या काळात जवळपास ८,००० मांजरं निर्बीज करून परत सोडली. १०३ वसाहतींची माहिती गोळा केली तेव्हा एकूण संख्या कमी झालेली दिसली, पण काही वसाहती वाढलेल्याही निघाल्या. बाहेरून येणारी आणि लोकांनी सोडलेली मांजरं होती सुमारे २१ टक्के. घरातल्या मांजरांचं प्रजनन लोकांनी थांबवलं नाही तर रस्त्यावरच्या शस्त्रक्रियांवरचा पैसा आणि कष्ट वाया जातात, असं त्या अभ्यासकांनीच लिहून ठेवलंय.

सॅन दिएगो काउंटीत तर १९९२ ते २००३ मध्ये १४,४५२ मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. एवढा प्रचंड आकडा! २००५ मध्ये त्याचं विश्लेषण छापून आलं तेव्हा वाढीच्या दरात सातत्याने घट झाल्याचं दिसलं नाही. संख्या उतरायला लागावी यासाठी ७१ ते ९४ टक्के मांजरं निर्बीज असायला हवीत, असा त्यांचा हिशेब निघाला. आणि हा पेपर कुणा मांजरद्वेष्ट्यांनी लिहिलेला नाही बरं का. लेखकांमध्ये ज्युली लेव्हींचंही नाव आहे. तेच, ६६ टक्केवाल्या पेपरचं! 'निर्बीजीकरण चालतं' म्हणणाऱ्यांनी एक पेपर उचलला, 'चालत नाही' म्हणणाऱ्यांनी दुसरा. त्या बाईंनी मात्र दोन्ही लिहिले.

तुलना असलेला प्रयोग

माझी दुसरी तक्रार आठवतेय ना, तुलना कुणाशी? ती दूर करणारा पेपर २०२२ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला. इस्राएलमधलं रिशोन लेझियोन शहर, सुमारे २० चौरस किलोमीटर, बारा वर्षं. आधी काहीच हस्तक्षेप नाही. मग काही भागांत जोरात निर्बीजीकरण आणि काही भागांत नाही. शेवटी सगळ्या शहरात सलग, ७० टक्क्यांच्या वर.

मधल्या टप्प्यात काय झालं ते लक्ष देऊन वाचा, कारण आपल्याकडचं बहुतेक काम याच टप्प्यासारखं असतं. ज्या भागांत भरपूर मांजरं निर्बीज केली होती, तिथेसुद्धा संख्या उतरली नाही. संशोधकांच्या मते, शेजारच्या भागांतून मांजरं येत राहिली म्हणून. सगळं शहर एकदम घेतलं तेव्हाच आकडा खाली वळला, वर्षाला साधारण ७ टक्के.

७ टक्के म्हणजे किती? चक्रवाढ व्याजाचा हिशेब उलटा करा. संख्या निम्मी व्हायला जवळजवळ दहा वर्षं. म्हणजे दहा वर्षं, एकही वर्ष न चुकता, सगळ्या शहरात. आणि तेही आणखी वेगाने झालं नाही, कारण उरलेल्या माद्यांची पिल्लं वाढली आणि मांजरं जास्त जगू लागली. डासांमध्ये आम्ही हे नेहमी बघतो: टाकीतल्या निम्म्या अळ्या काढल्या की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं आणि त्या जास्त संख्येने तगतात.

म्हणून माझी या सगळ्या साहित्यावरची आणि आमच्या गटावरची मुख्य टीका एका ओळीत सांगते: आपण शस्त्रक्रिया मोजतो, मांजरं मोजत नाही. आमच्या अर्जात लिहिलं होतं, 'दोन वर्षांत तीसहून अधिक यशस्वी शस्त्रक्रिया'. कॅम्पसवर एकूण मांजरं किती? कुणालाच माहीत नव्हतं. मग तीस म्हणजे ७० टक्के झाले की २० टक्के? खाली नुसता अंश, छेदच नाही. शाळेत असा अपूर्णांक लिहिला असता तर बाईंनी वही फेकली असती.

आणि ते ४,२०,०००?

आता पोस्टरचं बघू. नॉर्थ कॅरोलायनामधला भटक्या मांजरांचा एक अभ्यास आहे, २००४ चा. तिथे एका मादीला वर्षाला सरासरी १.४ वेत आणि एका वेतात साधारण ३ पिल्लं होत होती. म्हणजे वर्षाला चारच्या आसपास. पण १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं, त्यांतली १२७ सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. ७५ टक्के!

म्हणजे एका मादीमागे वर्षाला जगतं साधारण एक पिल्लू. त्यांत निम्म्या माद्या धरा. एका मादीच्या वर्षाअखेर दीड माद्या होतात. मोठी झालेली एकही मांजरी मरत नाही असं गृहीत धरलं, तरी सात वर्षांनी दीडचा सातवा घात, म्हणजे सतराच्या आसपास माद्या. तेवढेच बोके धरले तर चौतीस. हा पाकिटाच्या मागे केलेला हिशेब आहे, आपल्याकडचं हवामान वेगळं, खाणं वेगळं, आकडा इकडेतिकडे होईल. पण चौतीस आणि चार लाख वीस हजार यांतला फरक हवामानाने भरून निघणार नाही. तो आकडा येतो एकही पिल्लू मरत नाही असं धरल्यावर.

हा हिशेब करताना मी थोडा वेळ थांबले, खरं सांगते. कारण ७५ टक्के हा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नव्हता. गेल्या पावसाळ्यात जनरेटर रूमच्या मागे चार पिल्लं होती. दोन आठवड्यांनी एक उरलं. आमच्या अर्जाचा खरा आधार हाच आहे की! एक मादी निर्बीज केली की वर्षाला साधारण तीन पिल्लं जन्मून मरायची वाचतात. त्यासाठी ७० टक्के गाठायची वाट बघावी लागत नाही, पहिल्या शस्त्रक्रियेपासून ते सुरू होतं. त्या मादीचं शरीर वर्षभराच्या गाभण-बाळंतपणातून सुटतं, ते वेगळंच. म्हणजे आमच्या कामाचा जो फायदा सगळ्यात पक्का आहे, तो आम्ही पोस्टरवर लिहिलाच नाही. आणि जो सगळ्यात डळमळीत आहे, तो लाल अक्षरांत लिहिला.

'उचलून सोडून द्या' म्हणणाऱ्यांसाठी

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग प्रशासनाचंच बरोबर, उचला आणि सोडा लांब. थांबा जरा. उघड्या दाराचं गणित मांजरं हटवणाऱ्यांनाही चुकत नाही. टास्मानियाच्या जंगलात दोन ठिकाणी थोड्या-थोड्या प्रमाणात रानटी मांजरं मारून बघितली गेली. मारण्याचं काम चालू असतानाच त्या दोन्ही जागी मांजरं कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली: एकीकडे सरासरी ७५ टक्के, दुसरीकडे २११ टक्के. जागा रिकामी झाली आणि आजूबाजूची आत आली, असाच त्याचा अर्थ लागतो. आमच्या मेसमागचा उघडा कचरा तसाच ठेवून मांजरं हलवली, तर सहा महिन्यांत मेसमागे पुन्हा मांजरं असतील. फक्त ती निर्बीज नसतील. आणि हलवलेली कुठल्यातरी अनोळखी जागी उपाशी फिरत असतील.

अर्जाचं काय झालं

मी ६६ टक्क्यांचं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं: पहिल्या महिन्यात मोजणी, फोटोंसह, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. सगळा कॅम्पस आणि त्याला लागून असलेली स्टाफ क्वार्टर्सची गल्ली एकत्र, तुकड्या-तुकड्यांत नाही. आधी माद्या. माणसाळलेल्या पिल्लांसाठी घरं शोधणं हे मुख्य काम, उरलेल्या वेळातलं नाही. मेसचा कचरा झाकणाच्या पिंपात. आणि सुट्टीत घरी जाताना मांजर मागे सोडणाऱ्यांसाठी स्पष्ट नियम. संख्या घटेल असं वचन दिलं नाही. मरणारी पिल्लं कमी होतील, एवढंच दिलं. संख्या घटली की नाही ते मोजून सांगू, असं लिहिलं.

ज्युनिअर चिडली. तिचंही चूक नाही. ती म्हणाली, "ताई, तू प्रामाणिक राहशील आणि मांजरं टेम्पोत जातील. समितीला टक्का लागतो." माझ्याकडे त्यावर चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की दोन वर्षांनी त्याच समितीने 'घटली का?' असं विचारलं, तर तेव्हा आपल्या हातात काय असेल?

मग आम्ही दोघींनी तीन संध्याकाळी मोजणी केली. निर्बीज केलेल्या मांजराच्या कानाचं टोक भूल असतानाच किंचित कापलेलं असतं, त्यामुळे लांबूनही ओळखता येतं. कान कापलेली निम्म्याहून कमी निघाली. तिने वहीत आकडा लिहिला, बराच वेळ बघत बसली, आणि मग स्वतःच अर्जात घातला.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या सोसायटीत किंवा कॉलेजात असं काम चालू असेल, तर या आठवड्यात तीन संध्याकाळी एकाच वेळी, एकाच वाटेने फिरून मांजरं मोजा, आणि कापलेले कान वेगळे मोजा. पैसे लागत नाहीत. पोस्टर आम्ही काढलंय. नवीन अजून केलेलं नाही.